अर्ध्या मिनिटाचं नाक

आमच्या गल्लीत नळ दहाव्या दिवशी येतो,
तोही रात्री सव्वादोनला,
आणि घरात दोन मांजरं.
हिशेब तुम्हीच करा.

एक सरकी. बियाण्याच्या गोदामात
थप्पीमागे सापडली, मुठीएवढी, पांढरी, चिकट.
दुसरा हुलगा. त्याला कुणी आणलं नाही,
तो आला, आणि आल्या आल्या
शिलाई मशीनच्या पायावर आपलं नाव घालून मोकळा झाला.

मी दिवसभर प्रयोगशाळेत अंकुर मोजते.
शंभरातले उगवले किती, कुजले किती.
कुजका दाणा मला दिसायच्या आधी वासानं कळतो.
असलं नाक घेऊन मी जालन्याच्या उन्हातून घरी येते
आणि घरात मला कसलाच वास येत नाही.

मुबीनाआपा मात्र भाडं मागायला निघाली
की जिन्यात तिसऱ्या पायरीवरच थांबते.
ओढणी नाकाला लावत नाही, एवढी ती भली.
नुसतं विचारते,
"शिवकांता, लोबान पाठवू का गं थोडा?"

पहिल्या महिन्यात फिनेल आणलं होतं.
हुलग्यानं ते हुंगलं आणि त्यावरच पुन्हा केली,
जणू दुसऱ्याच कुणाची सही होती ती
आणि त्याला खोडायची होती.
डॉक्टर माझ्यावरच चिडले:
पाय चाटतात ती, बाई. विष आहे ते त्यांना.

मग शिकले.
ओलं असताना घासायचं नाही, टिपायचं.
सुती चिंधी दाबून धरायची, अंगाचा भार टाकून,
आणि मनात शंभरपर्यंत मोजायचं,
मोजण्यात तर माझा हात कोण धरणार.
मग अर्धी वाटी व्हिनेगर, अर्धी वाटी पाणी
(ते दहा दिवसांतलं, म्हणून अर्धीच),
वर खायचा सोडा. फेस येतो, चिडतो, बसतो.
मशीनच्या पायाशी मोसंबीच्या साली.
हुलगा त्यांच्याकडे असा बघतो
जसा दारात वसुलीवाला उभा.
घमेल्यात भुसा, मोंढ्यामागच्या आरा गिरणीतला,
गिरणीवाल्याला वाटतं मी कोंबड्या पाळते.

आणि ऊन.
ते मात्र नळासारखं नाही, रोज येतं, फुकट येतं.
एप्रिलात गादी गच्चीवर टाकली की दुपारपर्यंत
तिच्यातलं सगळं उडून जातं,
मांजराचं, घामाचं,
मागच्या साली पडून काढलेल्या तापाचंसुद्धा.

परवा बहिणीच्या दिराचं लग्न होतं, परतूरला.
चार दिवस. एक किल्ली आपाकडे.
परत आले, कुलूप काढलं, दार ढकललं
आणि पहिल्यांदाच
मला माझं घर आलं.

भुसा. सोड्याचा खारेपणा. वाळलेली मोसंबी.
त्याखाली मांजर. हो, आहेच, लपवून काय करायचं.
आणि त्याच्याही खाली आणखी एक,
औषध चोळलेल्या बियाण्याचा, गुलाबी, कडसर,
घशाला धरणारा,
रोज माझ्याच ओढणीतून वर आलेला.

म्हणजे तिसऱ्या पायरीवर आपा थांबायची
ती निव्वळ मांजरांमुळे नाही.

बॅग हातातच. उंबऱ्यात उभी.
सरकी पायाला घासली, हुलगा लांबून बघत राहिला,
अर्धं मिनिट असेल फार तर,
मग नाक घरचं झालं
आणि पुन्हा काही नाही.

खालून आवाज आला, "आली का?
लोबान नाही लावला मी. तो तुझा हुलगा लई शिंकतो.
भुसा बदलला तेवढा, दोनदा."

किल्ली घ्यायला उतरले,
आणि तिसऱ्या पायरीवर माझे पाय आपोआप थांबले.
तिच्या दारातून येत होता:
नवऱ्याच्या दम्याचं मलम, कांद्याचं जुनं तेल,
पेटीतलं अत्तर, आणि बंद खोलीत
बरंच बसलेलं कुणीतरी.
तिला तो कधीच आला नसणार.
मी बोलले नाही. मोसंबी दिली चार, परतूरची,
म्हटलं, साली टाकू नका, मला द्या.

रात्री सव्वादोनला नळ आला.
आधी घमेलं धुतलं.
मग ओढणी.